अवे लावू नका, भावजी

वहिनी, तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी पेढे वाटले.

हे वाक्य दुसऱ्या कुणाजवळ बोलायची हिंमत झाली नाही. असलं काही बोलायची माझी एकच जागा होती, ती म्हणजे तुमचा ओटा, आणि तिथे आता दुपारी कुणी बसत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितो. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तसंही माझं अक्षर तुम्हाला कधी लागलं नाही. "मास्तर म्हनं! कोंबडी पाय देऊन गेल्यावानी लिवता," म्हणायच्या आणि वही माझ्या अंगावर टाकायच्या.

तुमचा निकाल त्या दिवशी दुपारी लागणार होता. दहावीचा, पुरवणी परीक्षेचा, एकट्या इंग्रजीचा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलात तेव्हा बाकीचे सगळे विषय तुम्ही पहिल्याच झटक्यात काढले होते, भूमितीसुद्धा. इंग्रजी तेवढी दारात पाय रोवून उभी होती. ही तिसरी खेप. तुम्ही पुण्याला लेकाकडे, सुमितकडे गेला होतात, छातीत जळजळतंय म्हणून दाखवायला. दादा बरोबर होता. चार दिवसांत परत यायच्या बोलीवर गेलात आणि जाताना पिशवी खांद्याला लावून मला दम दिलात, "निकाल कळला की पयलं मला सांगायचं. सुमितच्या आदी. न्हाईतर बोलनार न्हाई."

मी अंबाजोगाईत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, मोबाईल घेऊन बसलो होतो. साइट उघडेना. नुसतं गोल गोल फिरत होतं. निकालाच्या दिवशी ती कधी उघडली आहे? तुमचा सीट नंबर तुम्ही सुमितच्या मोबाईलमध्येही घालून ठेवला होता, हे आठवलं. त्याला मेसेज टाकला, "काय झालं? लगेच कळव." थोड्या वेळानं उत्तर आलं. इंग्रजीत. पोरगा दिवसभर अमेरिकेतल्या लोकांशी बोलतो, रडतोसुद्धा इंग्रजीत. "काका, आई पास्ड."

मी ओरडलो, वहिनी. दोन तासिकांच्या मधल्या वेळात चहा पीत बसलेले सगळे दचकले. शिपायाला पाठवायचाही धीर निघाला नाही, स्वतः स्कूटरवर जाऊन पेढे आणले. एकेकाच्या हातावर ठेवत सांगत सुटलो, माझी वहिनी दहावी पास झाली, बावन्नाव्या वर्षी, आणि इंग्रजी मी शिकवलीय. मग दादाला फोन लावला.

"दादा, तोंड गोड कर! वहिनी पास झाल्या!"

मला वाटलं रेंज गेली. मग दादा म्हणाला, "तुला कुनी सांगितलं?"

"सुमितनं."

"मंग मी आजून काय सांगू," दादा म्हणाला. "आमी निघतोय तिला घिऊन. तू घरी जाऊन बस. लोकं येतील."

लोकं कशाला येतील, पास झाल्या म्हणून? हे माझ्या ओठावर आलं होतं. बोललो असतो तर आयुष्यभर स्वतःचं तोंड पाहिलं नसतं. दादाचा आवाज माझ्या कानात उशिरा पोचला. पेढ्यांचा बॉक्स हातात होता. समोरच्या मराठीच्या मॅडमनी अर्धा पेढा खाऊन अर्धा रुमालात बांधला होता, नातीसाठी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल सोडला.

इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय मी. आणि तीन शब्दांचं वाक्य मला वाचता आलं नाही.

पण वहिनी, माझी बाजूही ऐका. सुमितनं अवे लावला नव्हता.

तुम्हाला आठवतं, हे सगळं मिठावरून सुरू झालं. सुमित नोकरीला लागला त्या वर्षी तुम्ही एका रविवारी तुरीची डाळ निवडता निवडता म्हणालात, "पोराचं झालं. आता माझं बगा." मी म्हटलं, तुमचं काय? तुम्ही मान वर न करता सांगितलंत, माहेरी, कड्याला, दहावीला बसला होतात, इंग्रजीत गेलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. तुमचे वडील म्हणाले होते, नापास पोरीला बघायला आलेत हेच लई झालं. मुलगा आठवी शिकलाय हे मात्र कुणी काढलं नाही. बचत गटाच्या कागदावर, रेशनच्या कागदावर, शिक्षण असं लिहिलेलं आलं की तुमचा हात थांबायचा आणि मग तुम्ही लिहायच्या, नववी पास. दहावी नापास लिहवत नव्हतं. "एकडाव माझ्या नावाम्होरं पास लागू द्या भावजी. मंग मरून गेले तरी चालंल." मी म्हटलं, मरायची घाई नका करू, आधी क्रियापदं पाठ करा.

पहिल्या दिवशी मी पुस्तकातलं वाक्य वाचलं, पास द सॉल्ट. तुम्ही म्हणालात, "मीठ कोनत्या परीक्षेला बसलंतं?"

मी हसून हसून खाली बसलो. तुम्ही मात्र गंभीर. तुम्हाला त्या शब्दाचा राग आला होता. ज्या शब्दासाठी तुम्ही पस्तीस वर्षं झुरला होतात तो शब्द इंग्रज जेवताना मीठ मागायला वापरतो, हे तुम्हाला पटेना. मी सांगत गेलो. देणं म्हणजे पास. जवळून जाणं म्हणजे पास. वेळ सरला तरी पास, ठराव मंजूर झाला तरी पास. तुम्ही डाळीचं सूप खाली ठेवलंत. "ह्यो शब्द हाय का धर्मशाळा? कुनी बी यावं आन् ऱ्हावं? आपल्यात बगा, देनं येगळं, जानं येगळं. लई कंजूस दिसतो तुमचा इंग्रज." माझा इंग्रज! जसा काही मीच त्याला पाळला होता.

तेव्हापासून घरात नाद लागला. भाकरी पास करा, ठेचा पास करा. पाहुणे आले तरी तुम्ही थांबायच्या नाहीत. सुमित दिवाळीला आला की तोही, मीही. एकटा दादा सोडून. तो मुकाट्यानं हात लांब करून म्हणायचा, "दे." एकदा तुम्ही मुद्दाम मिठाची वाटी मागं धरलीत, "इंग्रजीत मागा, मंग देते." दादानं ते जेवण तसंच, अळणी, उरकलं. माझा भाऊ तसाच आहे.

त्याच्या लेखी तुमचा अभ्यास म्हणजे टाइमपास. गाडी धुता धुता विचारायचा, "झाला का आजचा टाइमपास?" त्याला वाईट हेतू नव्हता, पण तुम्हाला तो शब्द बोचायचा. पास हा शब्द त्यातसुद्धा आहे म्हणून जास्तच. "समद्यात पास हाय, माज्यात न्हाई," असं एकदा म्हणालात. मग दादाला मूतखडा झाला, आठ दिवस गडाबडा लोळला आणि एक दिवस डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की खडा पास झाला. तुम्ही तो कागद एकेक अक्षर लावत वाचलात. आणि भर दवाखान्यात कपाळावर हात मारून घेतलात, "आरं देवा! ह्यांचा खडा बी पास झाला, मीच ऱ्हायले." डॉक्टर हसले, दादाही हसला, पोटाला हात लावून.

आणि गाड्यांचं पासिंग. ते तुम्हाला पुस्तकाविना ठाऊक होतं. दादाच्या पिकअपवर तेवीस, म्हणजे बीड. गल्लीत नवी सून आली की तुमचा पहिला प्रश्न, "कुठल्या पासिंगची हाय?" सुमितनं पुण्यात कार घेतली तेव्हा तुम्ही फोटो बघून म्हणालात, "गेलं आपलं पोरगं, बारा पासिंगचं झालं." त्या संध्याकाळी तुमची ॲम्ब्युलन्स वेशीतून आत आली तेव्हा मी पुढची पाटी पाहिली. एम एच बारा. तेवीस पासिंगचं आमचं माणूस बारा पासिंगच्या गाडीतून परत आलं. मला रडू फुटलं ते ती पाटी बघून, तुमचा चेहरा तोवर मी पाहिलाही नव्हता.

आपलं भांडण मात्र राहून गेलं. मागच्या उन्हाळ्यात धड्यात कुणाचे तरी आजोबा वारले होते. मी वाचलं, पास्ड अवे. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंत.

"मरन्याला पास म्हन्त्यात?"

"म्हणतात. आपण नाही का, गेले म्हणतो."

"गेला म्हंजी गेला. पास झाला म्हंजी जितला. मरून कोन जितलंय, भावजी? आन् मेलेले पास, तर आपन हितं बसलेले जित्ते ते काय समदे नापास?"

मी इंग्रजीचा मास्तर, मी चिडलो. मला चिडायला कारण लागत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मी म्हटलं, "वहिनी, नीट बघा. पुढं अवे लावलाय. अवे म्हणजे लांब. अवे लावल्याशिवाय इंग्रजीत माणूस मरत नाही."

तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "ह्ये बरं हाय. मंग माज्या वक्ताला अवे लावू नका."

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नका. भांडण तिथेच थांबलं. तुमचा प्रश्न तसाच राहिला, मेलेले पास तर जित्ते काय. मी मनात ठरवलं होतं की परीक्षा झाली की निवांत उत्तर देईन. ते उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

तुम्हाला खाली ओट्यावर ठेवलं तेव्हा बायका जमल्या. हिरवी साडी, मळवट, सगळं नीट केलं त्यांनी. दादा आहे, तुम्ही कुंकवासकट गेलात, म्हणून त्या एकमेकींना सांगत होत्या, अहेव गेली, नशिबाची गेली. आपल्याकडं ह घशातच विरतो. मला कसं ऐकू आलं सांगू? "अवे गेली माय, अवे गेली." मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, मी नाही लावला वहिनी, पण ह्यांनी लावला. कुणाच्या तोंडावर हात ठेवू मी?

तुम्ही या घरात आलात तेव्हा मी पाचवीत होतो. आई नव्हती. तुम्ही पहिल्याच आठवड्यात माझं दप्तर उपसून इंग्रजीचं पुस्तक बाहेर काढलंत आणि चूल पेटेपर्यंत चाळत बसलात. मला वाटलं चित्रं बघताय. पुढे मी अंबाजोगाईला कॉलेजात गेलो तर सकाळच्या एसटीनं माझा डबा यायचा, रोज. कंडक्टर डबा खाली देताना म्हणायचा, "तुझ्या वैनीचा पास काढावा म्हन्तो, डब्याचा." माझी बीए त्या भाकरीवर झाली. आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही लाटणं उगारलं असतं. आता उगारा. मी आभार मानतो आहे.

राख सावडून आलो त्या दुपारी मी एकटा पुलाच्या कठड्यावर बसलो आणि साइट उघडली. लगेच उघडली. आता तिला कुणाची घाई नव्हती. सीट नंबर टाकला. खाली आईचं नाव विचारलं. बोर्डाची ही रीत तुम्हाला ठाऊक आहे, निकाल बघायला आईचं नाव लागतं. सुमितची दहावी, सुमितची बारावी, दोन्ही वेळेला मी तुमचं नाव टाकलं होतं आणि तुम्ही मागं उभं राहून म्हणाला होतात, "माज्या नावानं उघडतंय व्हय? मंग पास व्हनारच." या वेळी तुमच्या आईचं नाव टाकलं. गोदावरी. त्या माउलीला जाऊन किती वर्षं झाली. तिच्या नावानं कुणी कधी काही उघडलं असेल असं मला वाटत नाही.

एकतीस.

पस्तीस लागतात, वहिनी. चार कमी पडले. मी पुन्हा सीट नंबर टाकला, पुन्हा गोदावरी लिहिलं. पुन्हा एकतीस. म्हणजे मी वाटलेले पेढे दोन्हीकडून खोटे होते. मोबाईल खिशात घातला आणि घरी आलो.

घरी दादा येणाऱ्या माणसांत बसला होता. तो फारसं बोलत नाही, पण त्या दिवसांत एक गोष्ट प्रत्येकाला सांगत होता. कड्याहून तुमचे भाऊ आले, त्यांना. गटातल्या बायका आल्या, त्यांना. ऊसतोडीच्या मुकादमालासुद्धा. "गेली त्याच दिवशी निकाल लागला तिचा. पास झाली. ह्यानं पेढे वाटले कालेजात, इचारा." आणि माझ्याकडे हात करायचा. लोक माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचो. एकदा हलवली की पुढच्या वेळी हलवावीच लागते. तुमचे थोरले भाऊ धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "आमच्या बापानं लई बोल लावला तिला. आता कुनाला सांगू?" खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, वहिनी. दादाकडं पाहिलं आणि मिटलं. ज्याला तो टाइमपास म्हणत आला त्याच अभ्यासाला धरून तो बसला होता. ती एक गोष्ट त्याच्या हातात होती आणि ती मीच, चुकून, दिली होती. काढून कशी घेऊ?

पण मास्तर आहे मी. खोट्या उत्तराला मार्क देणं मला जमत नाही. रोज ठरवायचो, आज सांगू.

तेरवी झाली. मांडव उतरला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंच जेवायला बसलो, दादा, सुमित आणि मी. तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी काही पास केलं नव्हतं. ज्याला जे हवं ते तो उठून घ्यायचा. त्या शब्दाला आम्ही सगळे वळसा घालून जात होतो. आमटी अळणी झाली होती, मीच केली होती. मिठाची वाटी माझ्या ताटाशी होती. दादानं हात लांब केला. मी वाट बघत होतो, तो "दे" म्हणेल म्हणून.

"मीठ," दादा म्हणाला आणि थांबला. मग अवघडल्यासारखा, ताटात बघत, "पास कर."

सुमितचा घास हातात राहिला. मी वाटी उचलून दादाच्या हातात दिली. त्यानं मीठ घेतलं नाही. वाटी तशीच धरून बसला.

"मी समद्यास्नी सांगितलं," तो म्हणाला. "तू फोनवर म्हनलावतास म्हून सांगितलं. मला त्यातलं काय कळत न्हाई. ते खरं व्हतं ना? झाली ना ती पास?"

सुमितनं माझ्याकडे पाहिलं. सीट नंबर त्याच्याकडेही होता, आणि गोदावरी हे नाव त्यालाही ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की त्यानंही पाहिलंय.

मी म्हणालो, "पास, दादा."

एवढंच म्हणालो. पुढे अवे लावला नाही, वहिनी.